उडी भत्ता

सरकारी परिपत्रकाची पहिली ओळ वाचली की पुढचं वाचायची गरज उरत नाही, एवढं शहाणपण एकोणीस वर्षांच्या नोकरीत मला आलं होतं. पहिल्या ओळीत 'सैनिकांच्या हितासाठी' असं असलं, की समजायचं, काहीतरी काढून घेतलंय. 'सैनिकांच्या व्यापक हितासाठी' असलं, तर बरंच काही. घरी जायचा मोफत पास वर्षातून दोनदा मिळायचा तो एकदा झाला, तो आमचा प्रवासाचा शीण वाचावा म्हणून. क्वार्टरला पाच वर्षांनी लागणारा रंग दहा वर्षांनी लागू लागला, कारण रंगाच्या वासाने म्हणे मुलांना खोकला होतो. गेल्या वर्षी 'कुटुंब' या शब्दाची सुटसुटीत व्याख्या करण्यात आली आणि त्या व्याख्येतून माझी आई बाहेर पडली. सैन्याच्या दवाखान्यातून मिळणारी तिची रक्तदाबाची औषधं बंद झाली. मी तिला फोनवर सगळं समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे आता मी तुझी कोण लागते, ते तरी लिहिलंय का त्यात?" लिहिलं नव्हतं.

मी सैनिक आहे, पण बंदूक माझ्या हातात वर्षातून एकदा येते, तीही नेम अजून आहे की गेला ते बघायला. माझं काम पॅराशूटच्या घड्या घालायचं. आमच्यात पॅराशूटला छत्रीच म्हणतात. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लांब टेबल असतं. त्यावर छत्री आडवी पसरायची, दोऱ्या सरळ करायच्या, पाकळीवर पाकळी बसवायची, घडी सरकू नये म्हणून तिच्यावर शिशाच्या गोळ्या भरलेली लहान लहान वजनं ठेवायची, आणि तो सगळा पसारा पाठीवर मावेल एवढ्या पिशवीत कोंबायचा. कोंबायचा म्हटलेलं विभागात चालत नाही, बसवायचा म्हणायचं. मग एका चिठ्ठीवर सह्या करून ती पिशवीच्या खिशात सरकवायची. विमानात चढण्याआधी उडी मारणारा ती चिठ्ठी काढून बघतो, त्यावर कोणाचं नाव आहे ते. मला सगळे घडीमास्तर म्हणत. फुशारकी मारत नाही, पण माझी एकही छत्री आजवर उघडायची राहिली नाही. राहिली असती तर तक्रार करायला कोणी आलं नसतं, हा भाग वेगळा.

सही करणं सोपं असतं. ते सोपं राहू नये म्हणून आमच्याकडे एक जुनी रीत होती. महिन्याच्या पहिल्या सोमवारी कमांडरसाहेब विभागात यायचे, फळ्यांवर ओळीने मांडलेल्या पिशव्यांसमोरून सावकाश चालायचे आणि मध्येच एकीकडे बोट दाखवायचे. त्या पिशवीत ज्याची चिठ्ठी निघेल, त्याने दुपारी तीच पाठीला बांधून विमानातून उडी मारायची. मला अकरा वेळा बोट लागलं. खोटं कशाला सांगू, अकराही वेळा विमानाच्या दारात मी त्या घडीची एकेक पायरी मनात आठवून बघितली. दोऱ्या मोजल्या होत्या ना? मोजल्या होत्या. रबर नवीन होतं ना? नवीन होतं. ह्या धास्तीबद्दल आम्हाला दर महिन्याला भत्ता मिळायचा, बोट लागो अगर न लागो. त्याला उडी भत्ता म्हणत.

मग परिपत्रक आलं. पहिली ओळ 'व्यापक हितासाठी' अशी होती. घडी विभागातल्या कर्मचाऱ्यांना उडीच्या जोखमीतून मुक्त करण्यात येत होतं. जोखीम नाही, सबब भत्ता नाही. वर तळटीप, की यापुढे विभागातल्या कोणी हौसेने उडी मारलीच, तर विमा लागू होणार नाही. साहेबांचं बोट त्या महिन्यापासून खिशात गेलं.

विभागात आम्ही चौघं घड्या घालणारे. उडी गेली म्हणून आमच्यातलं कोणी रडलं नाही, भत्ता गेला म्हणून सगळे रडलो. सगळ्यांत मोठा गळा माझा. तपासनीस बाईंनी परिपत्रक भिंतीवर चिकटवलं तेव्हा मी मोठ्याने म्हणालो, "उद्या श्वास घेण्याच्या जोखमीतूनही मुक्त करतील."

"करतील," बाई म्हणाल्या, "पण त्याआधी फॉर्म भरून घेतील."

ह्या बाईंना आम्ही मागून दुर्बीण म्हणायचो. चारही टेबलांवर त्यांची नजर असायची आणि पाकळी बोटभर सरकली तरी त्यांना पलीकडच्या दारातून दिसायची. भत्ता त्यांचाही गेला होता. त्यांनी नुसता परिपत्रकाचा चौथा कोपरा नीट दाबून बसवला.

फॉर्म खरोखरच आला. ज्यांची एकोणीस वर्षं भरली आहेत त्यांनी महिनाअखेरपर्यंत कळवायचं, थांबता की जाता. थांबलात तर आणखी चार वर्षं, मग पूर्ण पेन्शन, म्हणजे त्या वेळी जी काही उरली असेल ती. गेलात तर आत्ताच, पण अपुरी. खाली दोन चौकोन होते. 'थांबतो' आणि 'जातो'. एवढ्या मोठ्या सैन्याला माझ्याशी एवढंच बोलायचं होतं.

फॉर्म मी स्वयंपाकघरात, फ्रिजच्या दाराला लोहचुंबकाने लावला. रोज सकाळी दुधाची पिशवी काढताना तो समोर यायचा. बायको रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला आहे, दिवसभर लोकांच्या दंडातून रक्त काढते, त्यामुळे तिच्यात दयामाया बेताची. आठवडाभर तिने वाट बघितली, मग चहा गाळता गाळता म्हणाली, "अहो, तुमच्या सहीवर माणसं आकाशातून खाली उड्या टाकतात आणि तुम्हाला एका चौकोनात फुली मारता येईना?"

"विचार करतोय."

"दादा विचारत होता परत."

दादा म्हणजे माझा मेहुणा. त्याचा गाड्यांची कव्हरं शिवायचा कारखाना आहे. त्याला देखरेखीला माणूस हवा होता, आणि तो माझ्या कामाचं कौतुक अशा शब्दांत करायचा की ऐकून अंगाची लाही व्हावी. "भावजी, कापड आणि दोरी, शेवटी तेच ना? आणि आमच्या कव्हराची घडी चुकली, तर गाडी काही मरत नाही." पगार तो बरा देणार होता. आईची औषधं त्यात बसत होती. सगळं कागदावर जुळत होतं, आणि तरी माझा पेन चौकोनाशी आला की अडायचा. का, ते बायकोला सांगता येत नव्हतं. खरं सांगायचं तर मला माझा माज आडवा येत होता. मी गेल्यावर ह्या टेबलावर कोण उभं राहणार, असं मला वाटायचं. आपल्यावाचून अडेल असं वाटणारा माणूस सैन्याला फार स्वस्तात मिळतो.

"मी गेलो तर पोरांच्या छत्र्यांचं काय?" मी एकदा तिला म्हणालोसुद्धा.

"तुम्ही यायच्या आधी काय ती दगडासारखी खाली पडत होती?" ती म्हणाली आणि कामाला निघून गेली.

असे तीन महिने गेले. म्हणजे आधी भत्ता जाऊन दोन, आणि फॉर्म येऊन जवळजवळ एक. ह्या तीन महिन्यांत आम्ही परिपत्रकाची इतकी टिंगल केली की तेवढ्या वेळात शंभर घड्या झाल्या असत्या. पण मागे वळून बघतो तेव्हा टिंगलीपेक्षा दुसरीच एक गोष्ट आठवते. काम कमी करायचं असं कोणी ठरवलं नव्हतं. हातांनी आपलं आपण ठरवलं.

चिठ्ठीवर नऊ ओळी असतात. एकेक पायरी झाली की त्या ओळीपुढे सही करून वेळ टाकायची. आठ पायऱ्यांवर दुर्बीणबाई येऊन घडी बघतात, चिठ्ठी बघत नाहीत. नववी मात्र घडी घालणाऱ्याच्या इमानावर सोडलेली आहे, 'हत्यारं व वजनं मोजली'. टेबलाशेजारी भिंतीवर लाकडी फळा असतो, त्यावर कात्री, सुई, पट्टी, सहा वजनं, सगळ्यांचे आकार रंगवलेले. प्रत्येक वस्तू आपापल्या आकारावर टांगली, एकही आकार रिकामा नाही, की मग सही. पिशवीत काही राहिलं नाही ह्याची ती खात्री. ह्याला मिनिटभर लागतं. एवढं एक मिनिट मला जड व्हायला लागलं होतं. मी सकाळी चहा पिता पिता दिवसभराच्या चिठ्ठ्यांच्या नवव्या ओळीवर आधीच सह्या करून ठेवू लागलो. वजनं तर मी टांगतोच की, मग सही आधी काय आणि नंतर काय. पहिल्या दिवशी थोडं चोरट्यासारखं वाटलं होतं. चौथ्या दिवशी तेही वाटेना.

महिनाअखेरीला पाच दिवस उरले असताना, दुपारी साडेचारला, विभाग बंद करायच्या आधी दुर्बीणबाई रोजच्यासारख्या वही घेऊन फळे बघत फिरल्या. माझ्या फळ्यासमोर थांबल्या. सहाव्या वजनाचा आकार रिकामा होता.

मी टेबलाखाली बघितलं. कचऱ्याच्या डब्यात बघितलं. शेजारच्याच्या फळ्यावर बघितलं, त्याची सहाच्या सहा जागेवर होती आणि तो माझ्याकडे बघायचं टाळत होता. मग विमानाच्या दारातली ती जुनी धास्ती आली. तीन महिन्यांत ती मला एकदाही आली नव्हती.

नियम असा, की हत्यार सापडत नसेल तर त्या दिवशी बांधलेल्या प्रत्येक छत्रीची घडी सोडायची. चारही टेबलांच्या मिळून बावीस होत्या. बाई ओरडल्या नाहीत, बसल्या नाहीत. त्यांनी दार आतून लावलं आणि सरळ माझ्या पिशव्यांपासून सुरू केलं. तिसरी पिशवी उघडली. पाकळ्यांच्या मधोमध, नीट दुमडीत, ते वजन पडलेलं होतं. एवढंसं. मुठीत मावणारं.

छत्री कदाचित उघडली असती. कदाचित पाकळी फाटली असती. कदाचित ते शिसं हजार फुटांवरून कोणाच्या डोक्यात पडलं असतं. बाईंनी खिशातून चिठ्ठी काढली, नववी ओळ वाचली आणि माझ्यापुढे धरली.

"मास्तर, सही तुमचीच ना?"

"माझीच."

"वेळ सकाळी आठची लिहिलीय. छत्री तर दुपारी बांधली."

सही करताना घड्याळात बघून प्रामाणिकपणे वेळ टाकायची सवय तेवढी शिल्लक राहिली होती.

घरी जाऊन बायकोला सांगितलं. वाटलं होतं ती म्हणेल, बघा, तुमचं मन उडालंय, सोडा आता. तिने हातातली भाजी खाली ठेवली.

"आमच्या लॅबमध्ये पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात," ती म्हणाली. "नळीत रक्त यायच्या आधी नाव चिकटवायचं नाही. एका पोरीने चिकटवलं होतं. त्याच दिवशी तिला घरी पाठवलं."

"मग मी काय करू?"

"मला काय विचारता? मी भत्ता गेला म्हणून सोडा म्हणत होते. हे मला माहीत नव्हतं." आणि तिने भाजी परत हातात घेतली.

दुसऱ्या दिवशी मी कमांडरसाहेबांकडे गेलो. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, म्हणजे बाईंचा अहवाल त्यांच्यापर्यंत पोचला होता.

"साहेब, बोट परत सुरू करा," मी म्हणालो.

"मास्तर, भत्ता माझ्या हातात नाही हो."

"भत्ता नको. नुसतं बोट. पहिल्या सोमवारी या, दाखवा, मी उडी मारतो."

साहेबांनी दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "फुकट? असं बाहेर बोलूसुद्धा नका. तुम्ही फुकट उडी मारलीत, तर वरचे विचारतील की मग इतकी वर्षं भत्ता कशाबद्दल घेतलात? मागची वसुली काढतील. तुमच्याकडून, आणि मंजुरीवर माझी सही आहे म्हणून माझ्याकडूनही."

"पण कोणी उडी मारणार नसेल तर घडी..."

"आणि ते वजनाचं मनावर घेऊ नका," ते म्हणाले. "सापडलं ना? सापडलं म्हणजे व्यवस्था काम करते. मी अहवालावर तसाच शेरा मारलाय." मग त्यांनी टेबलावरची नावांची यादी पुढे सरकवली. "तुमचा फॉर्म अजून आला नाही. थांबा हो. आपल्याला ह्या तिमाहीत थांबणाऱ्यांचं लक्ष्य दिलंय, दोन माणसं कमी पडतायत. तुमच्यासारखा अनुभव कुठून आणायचा?"

मला हसू आलं आणि ते मी गिळलं. ज्या माणसाला कालच घरी पाठवायला हवं होतं, त्याला लक्ष्य पुरं करायला ठेवून घेत होते. आणि मला वाईट ह्याचं वाटलं, की क्षणभर बरं वाटलं. आपण सुटलो, असं. चार वर्षं टेबल आपलंच, मास्तर म्हणून मान आपलाच, पूर्ण पेन्शन, आणि विचारणारं कोणी नाही. साहेबांच्या खोलीतून निघालो तेव्हा मी 'थांबतो'वर फुली मारायची, असं जवळजवळ ठरवलं होतं.

विभागाबाहेर छत्र्या वाटायची खिडकी आहे. त्या सकाळी तुकडीची उडी होती आणि खिडकीपुढे रांग लागली होती. रांगेत पहिला लंबू होता. दोन मुलींचा बाप, सहा फुटांवर चार बोटं उंच, विमानाच्या दारातून वाकून बाहेर पडावं लागतं त्याला. खिडकीवरच्या माणसाशी त्याचं गूळपीठ होतं, त्यामुळे तो रांगेतली मिळेल ती पिशवी न घेता आत हात घालून चिठ्ठ्या चाळायचा आणि हवी ती काढायचा. त्याने माझी काढली होती. तीन आठवड्यांपूर्वी बांधलेली.

"मास्तर!" मला बघून तो ओरडला. "तुम्ही जाणार म्हणतात. जाऊ नका हो. भत्ते काय, आमचेही कापले. पण तुमची चिठ्ठी असली की मी पुढचं काही बघत नाही, डोळे मिटून निघतो."

मी हसून पुढे जाऊ शकलो असतो. तीन आठवड्यांपूर्वीच्या संध्याकाळी माझ्या फळ्यावर सहाच्या सहा वजनं होती, ते दुर्बीणबाईंच्या वहीत लिहिलेलं होतं. त्या पिशवीत काही नव्हतं. पण त्या चिठ्ठीवरची नववी सहीसुद्धा सकाळच्या चहाची होती, आणि ते फक्त मला माहीत होतं.

"काल माझ्या एका छत्रीत वजन राहिलं होतं," मी म्हणालो.

लंबू हसला. मी टिंगलखोर म्हणून सगळीकडे माहीत होतो.

"मोजल्याची सही मी मोजायच्या आधी करून ठेवली होती. एकट्या कालच नाही. दोन-तीन महिने रोज करत होतो."

तो हसायचा थांबला. त्याने पिशवी उलटी केली, चिठ्ठी काढली, नववी ओळ वाचली, त्यापुढची वेळ वाचली. ती सकाळचीच होती.

"ह्यात काही नसेल ना?" त्याने विचारलं.

"नसेल."

"नक्की?"

"संध्याकाळची मोजणी बरोबर होती."

त्याने मान हलवली. चिठ्ठी पुन्हा खिशात सरकवली, पिशवी खिडकीतून आत ठेवली, अगदी हळू, आणि तिच्या शेजारची उचलली. तिच्यावर कोणाची सही होती ते त्याने दोनदा वाचलं. मग नजर खालीच ठेवून म्हणाला, "मास्तर, राग मानू नका. पोरी लहान आहेत."

राग आला नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल. एकोणीस वर्षं जोडलेलं माझ्या डोळ्यांदेखत परत फळीवर गेलं, आणि मला कोणीतरी मुस्काटात मारावी तसं झालं. पण त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं, हे मला त्याच वेळी कळत होतं. मागचा एक जण पुढे आला. त्याने हात आत घातला आणि माझी पिशवी बाजूला सारून पुढची घेतली. त्याच्यामागच्यानेही.

मी खिडकीवरच्या माणसाला सांगितलं, माझ्या सगळ्या चिठ्ठ्या बाजूला काढ, दुर्बीणबाईंना सांगून सोडून घे. मग घरी गेलो, फ्रिजवरचा फॉर्म काढला आणि तसाच आस्थापनेच्या कारकुनाकडे आलो. त्याच्यासमोर उभा राहून फुली मारली. 'जातो'.

"तुम्हीही?" कारकून म्हणाला. "कारण काय लिहू? भत्त्यामुळेच ना? सगळे तेच सांगतात."

"हो," मी म्हणालो. "भत्त्यामुळेच."

त्याने रकान्यांवरून बोट फिरवलं. भत्ता हे कारण यादीत नव्हतं, म्हणून त्याने 'वैयक्तिक' लिहिलं आणि मला म्हणाला, "इथे सही करा. आणि वेळ टाका."

मी घड्याळात बघितलं.